नवमीला दाबलेली स्की

देवासच्या त्या कारखान्यात बर्फ यायचा तो फक्त उन्हाळ्यात, कँटीनमागच्या लाकडी पेटीत, भुशात गुंडाळून. अशा ठिकाणी दोन हजार चार साली बर्फावर घसरायच्या स्की बनवायचं काम आलं. त्याही साध्या घसरायच्या नव्हेत. पोरींनी हवेत उड्या मारायच्या, गिरक्या घ्यायच्या, लोखंडी कठड्यांवरून सरकत जायचं, त्यासाठीच्या खास बायकी मापाच्या स्की. एरवी हा कारखाना ट्रान्सफॉर्मरमध्ये बसवायच्या फायबरग्लासच्या पट्ट्या करी आणि त्यातच सुखी होता. पण युरोपातल्या एका लहानशा कंपनीला कमी खर्चात नीट काम करून देणारं कुणी हवं होतं, आणि मॅनेजर नीलेशला काहीतरी नवं करून दाखवायची खाज होती. "फायबरग्लास आहे, इपॉक्सी आहे, गरम प्रेस आहे. और क्या चाहिए?" असं तो ज्याला त्याला म्हणत सुटला.

हवं होतं लाकडातलं जाणणारं माणूस, कारण स्कीच्या पोटात लाकडाचा गाभा असतो. तेही माणूस कारखान्यातच निघालं. रत्नाकर पांचाळ, प्रेसखात्याचा सुपरवायझर, मूळचा धारचा. त्याचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून आले ते पालख्या, मेणे आणि तोफांचे गाडे करायला. वडील गणपतराव धारमध्ये शेवटपर्यंत दारं-खिडक्या करत राहिले. रत्नाकर आयटीआय शिकून देवासला नोकरीला लागला, पॅंटीत शर्ट खोचू लागला, पण हात सुताराचाच राहिला. पॉपलरच्या लाकडाची पट्टी नुसती तळहातावर तोलून तो सांगे, ही ओली आहे, हिला आठ दिवस उन्हात टाका. आणि ती खरोखरच ओली निघे.

पहिलं ड्रॉइंग आलं तेव्हा त्यानं ते परत पाठवलं. स्कीचं पुढचं टोक वर वळलेलं असतं हे त्याला पटलं होतं, पण यात मागचं टोकही वर वळलेलं दाखवलं होतं. "काढणाऱ्याला डुलकी लागली असेल. असली वस्तू पुढंही जायची नाही आणि मागंही." त्यावर तिकडच्या लोकांनी भांडण न करता एक सीडी पाठवून दिली. नीलेशनं ती आपल्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर लावली आणि सगळ्यांना दाराशी उभं केलं.

सीडीत एक मुलगी होती. जांभळी टोपी, एकोणीस-वीस वर्षांची, लेना नाव. डोंगराच्या उतारावर मुद्दाम बर्फाचे उंचवटे रचलेले, मध्येमध्ये लोखंडी कठडे पुरलेले. त्याला टेरेन पार्क म्हणतात, असं नीलेशनं सांगितलं. ती पोर उताराकडे पाठ करून उलटी आली, उंचवट्यावरून हवेत गेली, दोनदा फिरली आणि पुन्हा उलटीच खाली उतरली. मागचं टोक वर का, ते सगळ्यांना एका क्षणात कळलं.

"बाई गं," पॅकिंगमधली मालन म्हणाली, "हिच्या आईला ठाऊक आहे का हे?"

सगळे हसले. अलकाही हसली, पण तिला आपली रुचा आठवली. रुचाही एकोणीसचीच. अलका म्हणजे रत्नाकरची बायको, त्याच कारखान्यात इन्स्पेक्शनला. माल बाहेर जायच्या आधी तपासून सही करायची, हे तिचं काम. नवरा बनवणार आणि बायको तपासणार, यावरून लोक थट्टा करीत. "वहिनी, घरी भाजीत मीठ कमी असलं तर भाऊसाहेब रिजेक्ट करतात का?" ती म्हणे, "करून तर बघू देत!" कामात मात्र ती कुणाची गय करीत नसे. नवऱ्याच्या खात्याचा माल तिनं दोनदा परत पाठवला होता आणि रत्नाकर चार-चार दिवस घुम्यासारखा बसला होता. पण मनातून त्याला तिचा अभिमानच वाटे, हे तिला ठाऊक होतं.

स्की जमत गेल्या. खाली काळी गुळगुळीत पट्टी, कडेनं पोलादी धार, त्यावर फायबरग्लास, मध्ये लाकूड, पुन्हा फायबरग्लास, वर जांभळ्या फुलांचा कागद, आणि सगळं इपॉक्सीच्या चिकट राळेत भिजवलेलं. साच्यात घालून प्रेसखाली दाबायचं आणि पन्नास मिनिटं गरम ठेवायचं. एका दाबात दोन जोड्या निघत. ऑक्टोबरच्या शेवटी नमुन्याच्या सहा जोड्या विमानानं गेल्या. प्रत्येक दाबातली एक जोडी पाठवायची आणि एक इन्स्पेक्शनच्या कपाटात ठेवायची, असा नियम होता. सहाही जोड्यांच्या कागदावर अलकाची सही होती.

दिवाळी झाली. नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी ती मागची कागदपत्रं फायलीला लावायला बसली. प्रेसला एक यंत्र जोडलेलं होतं. गोल कागद हळूहळू फिरे आणि त्यावर शाईची सुई प्रेसची उष्णता रेखत जाई. ते गोल कागद तिनं एकावर एक रचले. पाच कागदांवर रेघ चढली होती, पन्नास मिनिटं सपाट चालली होती आणि मग उतरली होती. सहाव्यावर ती चढली आणि पंचवीस मिनिटांतच खाली आली. तारीख खंडेनवमीच्या दिवसाची होती. वेळ दुपारी दोन वीस.

अलकानं कागद उलटा केला, सुलटा केला. मग जोडीचं कार्ड काढलं. त्यावर नवऱ्याच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'दाबाखाली बावीस तास'. खाली तिची सही. सही करायच्या आधी गोल कागद बघायचा असतो. तिनं बघितला नव्हता. बावीस तास वाचून तिला वाटलं होतं, जरुरीपेक्षा जास्तच काळजी घेतली आहे. घरच्या माणसाचं अक्षर होतं, तिनं विश्वास टाकला होता.

त्या दुपारचं तिला सगळं आठवलं. प्रेसला झेंडूची माळ घातली होती. तिनंच हळद-कुंकू वाहिलं होतं. नीलेशनं नारळ फोडला होता.

संध्याकाळी घरी चहाचा कप पुढं करताना तिनं विचारलं, "अहो, नवमीच्या दिवशी प्रेस मध्येच बंद केला होता का?"

"मध्येच म्हणजे? नवमी लागत होती."

"पन्नास मिनिटं झाली नव्हती."

"अगं, दोन चोवीसला नवमी लागत होती." रत्नाकर शांतपणे म्हणाला. "लागायच्या आत औजार खाली. चालत्या औजाराला कुणी गंध लावतं का? आमच्या घरात दोनशे वर्षांत झालं नाही ते. दशमीची पूजा होईपर्यंत पटाशीसुद्धा उचलत नसत बाबा."

"पण स्की आत होती ना?"

"होती. म्हणून तर दाब काढला नाही मी. फक्त आच बंद केली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शिकंज्यात ठेवली. उलट चांगलीच बसली असेल. लाकूड चिकटवताना सरस गरम लावायचा आणि शिकंज्यात आवळून गार होऊ द्यायचा. जितका गार, तितका घट्ट. बाबांनी केलेल्या पालखीचा दांडा आजही धारच्या देवळात आहे, जाऊन हलवून बघ."

अलकाला सुतारकाम येत नव्हतं, पण कारखान्यातल्या पंधरा वर्षांत तिला इपॉक्सी कळली होती. सरस गार होऊन धरतो. इपॉक्सी आचेवर धरते. आच अर्धी दिली तर वरून कडक होते, नखानं टोकरली तरी कळत नाही, आणि आत कच्ची राहते. हे तिनं त्याला सांगितलं. रत्नाकरनं कप खाली ठेवला.

"मला शिकवतेस?"

"शिकवत नाही. विचारते."

"मी ठोकून बघितली होती सगळी. खणखणीत वाजत होती. हाताला कळतं ते कागदाला कळत नाही."

एवढं बोलून तो उठून बाहेर गेला. रुचा आतल्या खोलीतून ऐकत होती.

शुक्रवारी कारखान्यात तो आपणहून तिच्या टेबलाशी आला. "त्या दाबातली दुसरी जोडी कपाटात आहे ना? काढ." त्यानं एक स्की दोन विटांवर आडवी टाकली, बूट घालून तिच्या मधोमध चढला आणि सगळ्यांदेखत तीन उड्या मारल्या. स्की लवली आणि परत सरळ झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. "वा भिया, वा!" रत्नाकर घामेजल्या चेहऱ्यानं बायकोकडे बघून म्हणाला, "बघ."

अलका हळू आवाजात म्हणाली, "ती पोर तीनच उड्या मारणार आहे का?"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो रागावला नाही, तेव्हाच तिला कळलं की त्यालाही शंका आली आहे.

शनिवारी अर्धा दिवस. साडेबाराला सगळे गेल्यावर दोघांनी ती स्की झोक्याच्या यंत्रावर बसवली. यंत्राचा हात स्कीला खाली दाबी आणि सोडी, मिनिटाला वीस वेळा, आणि बाजूला आकडा पुढं सरके. बाकीच्या पाच दाबांतल्या स्की दहा हजार झोके बिनतक्रार खाऊन उतरल्या होत्या. ही सहावी तेव्हा वेळ नाही म्हणून लावली नव्हती. पाच ठीक निघाल्या तर सहावी कशाला, असं त्या वेळी अलकाच म्हणाली होती. आता ते आठवून तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

तीन हजार झाले. रत्नाकरनं डबा उघडला, दोघांनी पोळी-भाजी खाल्ली. तो धारच्या गोष्टी सांगू लागला; वडिलांनी एकदा महिनाभर खपून केलेला दरवाजा जरा तिरका बसला म्हणून कसा स्वतःच्या हातानं फोडला होता, ते. ती गोष्ट त्यानं पूर्वीही सांगितली होती, पण तेव्हा ती सांगताना त्याचा आवाज असा कापला नव्हता. साडेचार हजार झाले. आणि चार हजार सातशे बाराला चर्र असा बारीक आवाज आला. मोठा नाही. वाळलेली शेंग उकलावी तेवढाच.

यंत्र थांबवलं. जिथं बूट बसतो त्याच्या जरा मागं, कडेला, लाकूड आणि फायबरग्लास यांच्यामध्ये फट पडली होती. रत्नाकर गुडघ्यावर बसला. त्यानं फटीत नख घातलं, मग पोस्टकार्ड घातलं. ते चार बोटं आत गेलं. घड्याळात साडेचार वाजले होते.

अलकाला त्याच्या मानेचा मागचा भाग तेवढा दिसत होता, केस पांढरे झालेला. तिला त्याची इतकी दया आली की तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. असं ती कारखान्यात कधी करत नसे.

"नीलेशला फोन करते मी," ती म्हणाली.

"नको." तो उठला. "सोमवारी सकाळी मीच सांगतो. तू मध्ये पडू नकोस, अलका. चूक माझी आहे, माझ्या तोंडानं सांगू दे. एवढं तरी राहू दे माझ्याकडे."

काय चुकीचं होतं त्यात? मान खाली घालून दुसऱ्याकडून सांगवून घेण्यापेक्षा माणसानं आपल्या पायावर उभं राहून सांगावं, हेच बरं. अलकाला ते पटलं. शिवाय बावीस वर्षांच्या संसारात त्यानं तिच्याकडे मागितलं ते किती! ती म्हणाली, "बरं."

रविवारी सकाळी तिनं त्याच्या आवडीची भरली वांगी केली. रत्नाकर ओसरीवर पटाश्या काढून बसला होता. धार लावत होता, पुसत होता, परत धार लावत होता. नीलेशचं घर दोन गल्ल्यांपलीकडे होतं. अलकाला वाटत होतं, आता उठेल, आता चप्पल घालेल. तो उठला नाही. स्वयंपाकघरात रुचा मसाला कुटता कुटता थांबली.

"आई, ती सीडीवाली मुलगी आहे ना, तिच्याकडेच गेली का ती खराब जोडी?"

"कुणाकडे तरी गेलीच आहे. बहुतेक तिच्याकडेच."

"मग अभी के अभी कळव ना! आज संडे आहे. छुट्टीच्याच दिवशी तर लोक बर्फावर जातात."

"उद्या बाबा सांगणार आहेत."

"उद्या?"

"त्यांना सांगू दे, रुचा. त्यांचं त्यांना सांगू दे."

रुचानं खलबत्ता बाजूला ठेवला आणि आईकडे असं काही बघितलं की अलकानं तोंड फिरवून वांग्यात तेल सोडलं. नीलेशचा नंबर तिच्या डायरीत होता. डायरी फ्रिजवर होती. दिवसभर ती त्या फ्रिजसमोरून जा-ये करत राहिली आणि दर वेळी मनाशी म्हणाली, एका रात्रीनं काय होतंय. चार हजार सातशे झोके म्हणजे पुष्कळ झाले. एक पोर अशी किती उड्या मारणार.

सोमवारी स्कूटरवरून उतरले तर फाटकातच ढोल वाजत होता. शुक्रवारी रात्री तिकडून मेल आली होती आणि नीलेशनं ती सकाळी वाचली होती. नमुने पसंत. लेनाला सहाव्या नंबरची जोडी फार आवडली, ती रोज तीच वापरते आहे. पुढच्या हंगामासाठी चारशे जोड्या. नीलेशनं कचोऱ्या मागवल्या होत्या. कुणीतरी रत्नाकरच्या गळ्यात गुलाबाचा हार घातला आणि त्याला खुर्चीवर उभं केलं.

"बोला, पांचाळसाहेब, दो शब्द!"

अलका गर्दीच्या मागं उभी होती. तिनं त्याच्याकडे बघितलं, त्यानं तिच्याकडे. त्याचे ओठ हलले. तिला वाटलं, आता. तो म्हणाला, "सगळ्यांच्या मेहनतीचं फळ आहे. माझ्या एकट्याचं काही नाही." टाळ्या पडल्या. तो खुर्चीवरून उतरला आणि त्यानं परत तिच्याकडे बघितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यानं ठरवलं होतं, किंवा ठरवलं काहीच नव्हतं, नुसता घाबरला होता. दोन्ही सारखंच.

रागानं तिचे कान तापले. नवऱ्याचा राग होता, पण त्याहून जास्त स्वतःचा होता. ती सरळ नीलेशच्या केबिनमध्ये गेली, गोल कागद टेबलावर ठेवला आणि शेजारी फाटलेली स्की आडवी ठेवली. सगळं सांगितलं. नीलेशच्या हातातली कचोरी हातातच राहिली. तो तिच्याहून दहा वर्षांनी लहान, इथंच जन्मलेला, हिंदी शाळेत शिकलेला पोरगा. एरवी मराठी बोलताना अडखळे, आज हिंदीतही अडखळला.

"ये... ये जोडी तिकडे गेली आहे?"

"हिची जोडीदार गेली आहे."

त्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि रिपोर्टचा छापील कागद ओढला. लिहायला काहीतरी हातात असलं की माणसाला धीर येतो. "प्रेस कोणी बंद केला?"

"ह्यांनी," अलका म्हणाली.

"वहिनी, रिपोर्टमध्ये 'ह्यांनी' नाही चालत. पूरा नाम बोला."

धारच्या सासरी नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती. घरात 'अहो', कारखान्यात 'पांचाळसाहेब'. नाव घेतलं ते उखाण्यात. लग्नात, डोहाळजेवणात, हळदी-कुंकवात, बायकांनी आग्रह केला की, यमक जुळवून, लाजत. सासूबाई गेल्या त्यालाही सात वर्षं झाली होती, पण जिभेची सवय गेली नव्हती.

"रत्नाकर गणपत पांचाळ," ती म्हणाली.

दारात हालचाल झाली म्हणून तिनं मागं बघितलं. रत्नाकर उभा होता. हार काढून हातात घेतला होता. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. तो आत आला आणि टेबलाजवळ येऊन म्हणाला, "वेळ लिही, नीलेश. दुपारी दोन वीस. आच बंद मी केली. कार्डावर बावीस तासही मीच लिहिले. तिला काही माहीत नव्हतं."

"मी पण तिथेच होतो, यार," नीलेश पुटपुटला. "नारियल मीच फोडला." त्यानं पेन टाकलं आणि फोन ओढला. तिकडे जेमतेम पहाट झाली असेल. त्या कंपनीतल्या बाईंचा नंबर त्यानं तीनदा फिरवला. तिसऱ्यांदा उचलला गेला.

नीलेश इंग्रजीत बोलू लागला, पण दोन वाक्यांतच थांबला. पलीकडच्या बाईच बोलत होत्या. तो नुसता हं, हं करत होता, आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. अलका उभीच होती. ढोल बाहेर अजून वाजत होता, कुणीतरी जाऊन तो थांबवायला हवा होता, पण तिघांपैकी कुणी हललं नाही.

नीलेशनं रिसीव्हरवर तळहात दाबून धरला.

"लेना पडली," तो म्हणाला. "काल. संडेला दुपारी. मोठ्या उडीवरून उतरताना. गुडघा... गुडघा पूर्ण गेला म्हणतात. आज ऑपरेशन आहे. परत स्की करेल की नाही, डॉक्टर बोलत नाहीत."

काल, अलकाच्या मनात आलं. काल दुपारी वांगी शिजत होती.

"आणि स्की?" तिनं विचारलं.

"स्की बर्फातच कुठे राहिली, कोणी बघितली नाही. सगळे म्हणतात, पोरीचीच उडी चुकली. ती पण तेच म्हणतेय. रडतेय, की माझंच चुकलं." नीलेशचा तळहात रिसीव्हरवर तसाच होता. त्याचा आवाज एकदम खाली आला. "वहिनी, त्यांना काही माहीत नाही. काहीच. चारशे जोड्या आहेत. सांगू?"

त्यानं अलकाकडे बघितलं, मग रत्नाकरकडे. रत्नाकरच्या हातातल्या हाराच्या पाकळ्या फरशीवर पडल्या होत्या आणि तो त्यांच्याकडेच बघत होता.

"सांगा," अलका म्हणाली. "उडी चुकली नव्हती म्हणावं. तिचं काही चुकलं नव्हतं. स्की आमची फाटली. हे आधी त्या पोरीला सांगा, ऑपरेशनच्या आधी सांगा."

नीलेशनं मान हलवली.

"आणि आम्हाला कळलं होतं, तेही सांगा."

"कळलं होतं? कधी?"

"परवा."

पलीकडून फोनमध्ये हॅलो, हॅलो ऐकू येत होतं. रत्नाकर म्हणाला, "मी तिला थांबवलं होतं. तिचा दोष नाही."

"त्यांनी थांबवलं आणि मी थांबले," अलका म्हणाली. "नाव लिहून घ्या. अलका रत्नाकर पांचाळ. शनिवार, दुपारी साडेचार."

नीलेशनं रिसीव्हरवरचा हात काढला.